रुंदी भागिले माणसं

तिकीट काढायची वेळ आली की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. ह्यांचा पक्ष स्वस्त तिकिटाचा, माझा विमानाचा. कंपनीचा नव्हे, विमानाचा. लेक सॅन होजेला आणि मुलगा ॲमस्टरडॅमजवळ, त्यामुळे लांबचा प्रवास ठरलेलाच. वेबसाइटवर भाडं, वेळ आणि सामान किती किलो हे ठळक असतं. खाली 'डिटेल्स'वर टिचकी मारली की बारीक अक्षरांत विमानाचं नाव येतं. मी आधी तिकडे जाते. "तू काय विमान विकत घेणार आहेस का?" हे दरवेळी विचारतात. ह्यांची उंची सहा फूट एक इंच, त्यात उजवा गुडघा कुरकुरणारा. पंधरा तास तो गुडघा समोरच्या सीटला टेकवून बसायचं ह्यांनी, आणि विमान कुठलं ते बघायची हौस मात्र माझी!

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. त्यामुळे नातेवाइकांत 'हिला विमानातलं कळतं' असा समज आहे. पायलटला हसू येईल इतपतच कळतं, पण समज मी मोडलेला नाही.

जून २०२५ मध्ये अहमदाबादला एअर इंडियाचं बोइंग ७८७, म्हणजे ड्रीमलायनर, कोसळलं आणि काही दिवसांनी डोंबिवलीहून वन्संचा फोन आला. त्यांना नातीच्या बारशाला लंडनला जायचं होतं. "वहिनी, ते ड्रीमलायनर सोडून दुसरं कुठलंही विमान सांगा. आणि ११ए सीट मिळते का तेही बघा हो."

हसण्यावारी न्यावं असं त्यात काही नव्हतं. विमानातल्या २४२ माणसांतली २४१ गेली आणि खाली, ज्या वसतिगृहावर ते पडलं तिथे आणि आजूबाजूला, आणखी १९. उड्डाणानंतर जेमतेम अर्ध्या मिनिटात. क्रूमध्ये मुंबईकडची माणसं होती, त्यामुळे त्या आठवड्यात ठाणे-डोंबिवलीच्या घराघरांत दुसरा विषय नव्हता. भीती वाटणारच. पण ती विमानाच्या मॉडेलला जाऊन चिकटली, ते मला पटत नव्हतं.

७८७ हे विमान प्रवासी घेऊन उडायला लागलं ऑक्टोबर २०११ मध्ये, जपानच्या ऑल निप्पॉन एअरवेजकडे. तेव्हापासून अहमदाबादपर्यंत, तेरा वर्षांहून जास्त काळ, अकराशेच्या वर ड्रीमलायनर बाहेर पडली आणि त्यांच्या अपघातात एकही प्रवासी दगावला नव्हता. सुरुवातीची दुखणी होती. जानेवारी २०१३ मध्ये बॉस्टनला उभ्या विमानात लिथियमची बॅटरी पेटली, पाठोपाठ जपानमध्ये दुसऱ्या विमानात बॅटरीतून धूर आला, आणि जगभरातली सगळी ७८७ तीन महिन्यांहून जास्त काळ जमिनीवर बसवली गेली, एअर इंडियाचीही. अहमदाबादचा प्राथमिक अहवाल जुलै २०२५ मध्ये आला. इंधनाचे दोन्ही स्विच एका सेकंदाच्या अंतराने 'रन'वरून 'कटऑफ'वर, म्हणजे चालूवरून बंदवर, गेल्याची नोंद त्यात आहे, आणि ७८७-८ चालवणाऱ्या इतर कंपन्यांना त्या टप्प्यावर कुठलीही सूचना केलेली नाही. तपास करणारे असे मोजूनमापून बोलतात. आपल्या चॅनलवाल्यांचा निकाल दुसऱ्याच दिवशी लागला होता.

आणि ११ए? त्या विमानात ती सीट आपत्कालीन दाराशेजारी होती आणि विमान ज्या तऱ्हेने मोडलं त्यात तिच्यावर बसलेला एकच माणूस बाहेर येऊ शकला. दुसऱ्या कंपनीच्या विमानात अकरावी रांग बिझनेस क्लासमध्ये असते, तिसरीकडे ती नसतेच. मी वन्संना म्हटलं, "अहो, सीटच्या नंबरात काही नाही. दार आपल्यापासून किती रांगा पुढे आणि किती मागे, ते मोजून ठेवा. धुरात दिसत नाही, सीटच्या पाठी हाताने चाचपत जावं लागतं." त्यांना ते फार आवडलं नाही.

त्यांची दुसरी शंका खरं म्हणजे चांगली होती. "ते प्लॅस्टिकचं असतं ना?" असतं, एका अर्थी. ७८७ च्या वजनाचा निम्मा भाग कार्बन फायबरच्या कंपोझिटचा, म्हणजे कार्बनचे धागे प्लॅस्टिकसारख्या राळेत बसवून केलेल्या पदार्थाचा, एअरबसच्या ए ३५० चा निम्म्याहून थोडा जास्त. असं विमान पेटलं तर काय होईल, हा प्रश्न तज्ज्ञांनाही होता. उत्तर २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर मिळालं. जपान एअरलाइन्सचं ए ३५० उतरताना धावपट्टीवर उभ्या असलेल्या तटरक्षक दलाच्या छोट्या विमानाला धडकलं. छोट्या विमानातल्या सहापैकी पाच जणांचा जीव गेला. मोठं विमान पेटत धावपट्टीवर थांबलं. आतला उद्घोषणेचा स्पीकर बंद पडलेला, आठ दारांपैकी तीनच वापरण्याजोगी. क्रूने कर्णे घेऊन, नुसत्या ओरडण्यावर माणसं हलवली आणि ३७९ च्या ३७९ जिवंत बाहेर पडली. विमानाची राख नंतर झाली. जवळजवळ कुणीही वरचा कप्पा उघडून बॅग काढत बसलं नाही, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. आपल्याकडे चाकं टेकताच वरच्या कप्प्यांची खडखड सुरू होते, तेव्हा मला हटकून हानेदा आठवतं.

वन्संच्या यजमानांचा मुद्दा इंजिनांचा. त्यांनी फोन ओढून घेतला. "पूर्वी चार इंजिनं असायची, आता दोनावर समुद्र ओलांडतात. हा कंपन्यांचा पैसे वाचवायचा धंदा आहे." पैसे वाचतात हे खरं. पण चार इंजिनं म्हणजे दुप्पट सुरक्षा, हा हिशेब फक्त प्रत्येक इंजिन आपापल्या कारणाने बिघडत असेल तरच लागू होतो. एकाच कारणाने सगळी बंद पडणार असतील तर चार काय आणि आठ काय. जून १९८२ मध्ये ब्रिटिश एअरवेजचं जम्बो लंडनहून ऑकलंडला निघालं होतं. वाटेत आपल्या मुंबईला थांबून, पुढे क्वालालंपूरहून रात्री उडालं आणि जावाजवळ गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं. चारही इंजिनं बंद. कॅप्टन एरिक मूडी यांनी विमान तरंगत खाली आणलं, राखेतून बाहेर पडल्यावर इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि जाकार्ताला सगळे सुखरूप उतरले. तिथे चौथं इंजिन कामाला आलं नाही, राखेतून बाहेर पडणं आलं.

दोन इंजिनांच्या विमानाला समुद्रावर किती दूर जाऊ द्यायचं याचे नियम कडक आहेत. एक इंजिन गेलं तर उरलेल्या एकावर जवळच्या विमानतळापर्यंत किती मिनिटांत पोचता येईल, त्यावर परवानगी मिळते. १९८५ मध्ये १२० मिनिटांपासून अटलांटिक ओलांडायला सुरुवात झाली. ए ३५० ला ३७० मिनिटांपर्यंतची मुभा आहे, म्हणजे एका इंजिनावर सहा तासांच्या वर. हे आकडे ऐकल्यावर यजमानांनी फोन परत दिला.

मी मूळची जुन्नरकडची. जुलै १९६२ मध्ये आमच्या तालुक्यातल्या डोंगराला अलितालियाचं डीसी-८ धडकलं होतं. सिडनीहून रोमला निघालेलं, बँकॉकहून मुंबईला उतरायला येत होतं. रात्र, पावसाळा. आपण मुंबईच्या जास्त जवळ आलो आहोत असं वैमानिकांना वाटलं आणि ते लवकर खाली उतरू लागले. सह्याद्री मध्ये उभा होता. ९४ च्या ९४ गेले. वडील सांगायचे, लोक चिखलातून वर चढून गेले तेव्हा करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. विमानात बिघाड नव्हता. चांगलं विमान, जाणती माणसं, आणि डोंगर कुठे आहे हे सांगणारं कुणी नाही.

अशा अपघातांना आळा घातला तो डॉन बेटमन या कॅनडात जन्मलेल्या इंजिनिअरने. जमीन अंगावर येते आहे हे रेडिओ अल्टिमीटरवरून, म्हणजे खालच्या जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या उपकरणावरून, ओळखून कॉकपिटमध्ये 'पुल अप' ओरडणारं यंत्र त्यांनी बनवलं. पुढे नव्वदच्या दशकात त्यात जगभरच्या डोंगरांचा नकाशाच भरला. आज मुंबईला उतरणाऱ्या प्रत्येक मोठ्या विमानाला आमचे डोंगर तोंडपाठ आहेत. मला कुणी विचारलं की बोइंगचं ७७७ सुरक्षित की ७८७ की एअरबसचं ए ३५०, तर माझ्या मनात आधी हे यंत्र येतं. आपण तुलना करतो ती मॉडेलांची. सुरक्षितता वाढली ती सगळ्या मॉडेलांत एकदम बसलेल्या अशा गोष्टींनी. आजच्या मोठ्या विमानांत या बाबतीत निवड करण्याइतका फरक प्रवाशाला काढता येणार नाही, आणि मी काढत नाही.

आरामात मात्र फरक आहे, आणि तो मोजता येतो.

माझी एक साधी पद्धत आहे. विमानाची आतली रुंदी घ्यायची आणि एका रांगेत किती माणसं बसवलीत त्याने भागायचं. मधले दोन रस्ते त्यातच धरायचे, ते सगळ्यांनाच लागतात. ७७७ आतून ५.८६ मीटर. ते आलं तेव्हा बऱ्याच कंपन्या रांगेत नऊ माणसं बसवायच्या: माणशी ६५ सेंटिमीटर. मग त्याच विमानात दहावी सीट घुसवली, तीन-चार-तीन: माणशी साडेअठ्ठावन्न. विमान तेच, इंजिन तेच, जाहिरातही तीच. शेजाऱ्याचं कोपर मात्र तुमच्या बरगडीत. ७८७ ची रुंदी ५.४९, नऊ माणसं: ६१. ए ३५० ची ५.६१, नऊ माणसं: ६२ च्या वर. हा फरक सीटवर अर्ध्या इंचाच्या आसपास येतो. अर्धा इंच म्हणजे काय असं वाटेल, पण खांदा खांद्याला लागतो की नाही हे त्या अर्ध्या इंचात ठरतं. ए ३८० खालच्या मजल्यावर साडेसहा मीटर, दहा माणसं: ६५. आणि जुनं ए ३३०, ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, ५.२८ मीटर, आठ माणसं: ६६!

ए ३३० ची आणखी एक गोष्ट आमच्या वयाच्या जोडप्यांनी लक्षात ठेवावी. त्यात मांडणी बहुधा दोन-चार-दोन असते. खिडकीकडच्या दोन सीट घेतल्या की तिसरा माणूसच नाही. हे रस्त्याकडे पाय लांब करणार, मी खिडकीला डोकं टेकणार, आणि रात्री दोन वाजता बाथरूमला जायचं तर अनोळखी माणसाला उठवायची चोरी नाही. तीन-तीन-तीनमध्ये आम्ही दोघं आणि एक झोपलेला आयटीतला मुलगा. तो बिचारा कानात बोळे घालून असतो, हाक ऐकू येत नाही, हात लावावा की नाही कळत नाही.

तरीही लेकीकडे जाताना, ज्या मार्गावर सलग चौदा-पंधरा तास काढायचे असतात, तिथे मी ए ३५० किंवा ७८७ शोधते, आणि त्याला कारण हवा. मोठी विमानं ३५-४० हजार फुटांवर उडतात, पण आतली हवा दाबून ठेवलेली असते. नियमाप्रमाणे आतला दाब फार तर ८ हजार फुटांवरच्या इतका कमी होऊ देतात. ॲल्युमिनियमच्या विमानांत तो बऱ्याचदा त्याच्या जवळपास जातो. म्हणजे सिमल्याला, किंवा त्याच्याही वर, रात्रभर बसल्यासारखं. कंपोझिटचं कवच जास्त ताण सोसतं, म्हणून ७८७ आणि ए ३५० मध्ये आतला दाब ६ हजार फुटांवरच्या इतका ठेवता येतो. आमचं कळसूबाई ५,४०० फूट. त्याच्या माथ्याहून थोडं वर, इतकंच. शिवाय कंपोझिट गंजत नाही, म्हणून हवेत ओलावा थोडा जास्त ठेवता येतो. साध्या विमानात आर्द्रता दहा-वीस टक्क्यांच्या आत असते. नाक आतून तडकतं. मी नाकपुड्यांना आतून साजूक तुपाचं बोट लावते. एवढीशी डबी हातातल्या बॅगेत असते. सिक्युरिटीवाल्या मुलीने एकदा वास घेऊन बघितला आणि हसून परत दिली.

हा दाबाचा फरक बघायचा असेल तर प्रयोग सोपा आहे. विमान वर स्थिर झालं की पाण्याची पातळ बाटली रिकामी करून बूच घट्ट लावा आणि समोरच्या खिशात ठेवा. उतरल्यावर ती चेपलेली सापडेल. ८ हजार फुटांच्या हवेत बंद केलेली बाटली मुंबईत उतरल्यावर साधारण एक चतुर्थांश आक्रसते, ६ हजार फुटांची एक पंचमांश. मी जुन्या ७७७ मधली आणि ७८७ मधली अशा दोन बाटल्या घरी आणून शेजारी ठेवल्या होत्या. फरक नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. ह्यांनी त्या भंगारात दिल्या. वर चढताना उलट प्रकार: चिवड्याचं सीलबंद पाकीट टम्म फुगतं, आणि आपलं पोटही. म्हणून प्रवासाच्या आदल्या रात्री राजमा-छोले घरात होत नाहीत, आणि सोबत दशम्या आणि सुकी चटणी असते.

७८७ बद्दल एक तक्रार नोंदवून ठेवते. खिडक्या मोठ्या आहेत, छान आहेत, पण त्यांना ओढायची झडप नाही. बटण दाबलं की काच हळूहळू निळी-काळी होते, आणि त्याचा मुख्य ताबा क्रूकडे असतो. एका प्रवासात मी ग्रीनलँडवरचं बर्फ बघत होते, खाली भेगा पडलेल्या हिमनद्या उन्हात चमकत होत्या, आणि अचानक सगळ्या खिडक्या काळ्याभोर. सगळ्यांनी झोपायची वेळ झाली होती म्हणे. शाळेत दिवे घालवतात तसं. ए ३५० मध्ये साधी खाली ओढायची झडप असते, निदान मी बसले त्यांत होती.

आवाजात ए ३५० आणि ए ३८० शांत. इतकी शांत की मागच्या रांगेतल्या आजोबांचं घोरणं स्पष्ट ऐकू येतं. पंखांच्या पुढची सीट मिळाली तर घ्यावी, इंजिनाची घरघर कमी. हादरे सोसत नसतील तर पंखांच्या जवळची. शेपटीकडे सगळ्यात जास्त उडायला होतं. या दोन सल्ल्यांत भांडण आहे, ते ज्याने त्याने मिटवावं.

हादऱ्यांवरून शेवटचं. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेलं सिंगापूर एअरलाइन्सचं ७७७ म्यानमारवर असताना नाश्ता वाटला जात होता. विमान ४.६ सेकंदांत १७८ फूट खाली आलं. पट्टा न लावलेली माणसं छताला आपटली आणि तितक्याच जोराने खाली आली. ७३ वर्षांचे एक ब्रिटिश गृहस्थ गेले, कितीतरी जण जखमी झाले, विमान बँकॉकला उतरवावं लागलं. विमानाला काही झालं नव्हतं. उत्तम कंपनी, उत्तम विमान. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: बसलेलं असताना पट्टा कमरेवर, थोडा सैल चालेल, आणि झोपताना पांघरुणाच्या वरून. म्हणजे पट्ट्याचा दिवा लागला की क्रू येऊन उठवत नाही, त्यांना पट्टा दिसतो. ह्यांचा याला विरोध नाही, कारण झोपमोड होत नाही. दर दीड-दोन तासांनी मी ह्यांना मागच्या किचनपर्यंत चालवते, पोटऱ्यांत रक्त साकळू नये म्हणून. त्याला मात्र विरोध आहे.

पासपोर्ट, ह्यांच्या बीपीच्या गोळ्या, चष्मा आणि फोन कमरेच्या पाऊचमध्ये असतात. बॅगेत नाही. बॅग सोडून उठायची वेळ आली तर मागे वळून बघायला कारणच उरू नये. आणि उडताना-उतरताना बूट पायात, नाडी बांधलेली. मधले बारा तास मोजे घालून फिरा, कोण बघतंय. वन्संना हे सगळं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "आणि वहिनी, साडी की ड्रेस?" ड्रेस. सुती. नायलॉनची साडी तर नकोच, आगीजवळ ती अंगाला चिकटते, आणि आपत्कालीन दाराच्या घसरगुंडीवरून नऊवार काय, पाचवारही सांभाळता येणार नाही.